समुद्रापारचा मका आणि वऱ्हाडची बैलजोडी

दुष्काळात उपाशी माणसांसाठी समुद्रापलीकडून आलेल्या मदतीशी वाशीमचा संबंध १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात आला. तेव्हा गावाचे नाव इंग्रजी कागदोपत्री ‘बासिम’ असे लिहिले जाई आणि बासिम हा वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता. वाशीम, मंगरूळ आणि पुसद हे त्याचे तीन तालुके. हा जिल्हा १९०५ मध्ये मोडला. वाशीम आणि मंगरूळ अकोल्याकडे गेले, पुसद यवतमाळकडे. आजचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. या दोन तारखांच्या मधल्या काळात वाशीमच्या आठवणी आणि कागद अकोल्याच्या दप्तरात मिसळून गेले. त्यामुळे या भागातल्या दुष्काळाची गोष्ट सांगताना सगळ्या वऱ्हाडाकडे पाहावे लागते.

वऱ्हाडाचे दोन ठळक भाग आहेत. पूर्णेच्या खोऱ्यातली सपाट काळी जमीन म्हणजे पायनघाट, आणि दक्षिणेकडे घाट चढून गेल्यावर लागणारे पठार म्हणजे बालाघाट. वाशीम बालाघाटावर आहे. जमीन काही ठिकाणी भारी, काही ठिकाणी हलकी आणि मुरमाड. पैनगंगेपलीकडे निजामाचे राज्य होते. खाण्याचे मुख्य धान्य ज्वारी, कडब्याचा आधारही तिचाच. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, वऱ्हाडी कापसाला अचानक मोल आले आणि त्याच दशकात रेल्वे अकोला-अमरावतीपर्यंत पोचली. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत वऱ्हाडातला शेतकरी बाजाराच्या कापसावर अधिकाधिक अवलंबून राहू लागला. पूर्वी गावातल्या पेवांत दोन-तीन वर्षांची ज्वारी साठवलेली असे. कापूस विकून धान्य विकत घ्यायची सवय लागली तशी पेवे रिकामी होत गेली. म्हणजे १९०० मध्ये अमेरिकेचा मका येण्याच्या बरेच आधी अमेरिकेतल्या एका युद्धाने वऱ्हाडातले पीकपाणी बदलले होते.

१८९९ च्या पावसाळ्यात पावसाने पाठ फिरवली. खरीप वाळला, ओल नसल्याने रब्बीची पेरणीच झाली नाही, विहिरी आटल्या. १८९६-९७ च्या दुष्काळातून लोक नुकते सावरत होते. त्यावर दोनच वर्षांत हा घाव बसला, आणि तो अधिक खोल होता, कारण या वेळी धान्याबरोबर चाराही गेला. राजस्थान आणि गुजरातेत या दुष्काळाला विक्रम संवत १९५६ वरून ‘छप्पनिया’ म्हणतात. वऱ्हाडात गावोगाव जनावरे मेली. सरकारी कामांवर खडी फोडणे, तलाव खोदणे, रस्ते बांधणे सुरू झाले आणि ज्यांच्या अंगात काम करण्याइतके बळ उरले नव्हते त्यांच्यासाठी अन्नछत्रे निघाली. पावसाळा आल्यावर संकट संपले नाही. खंगलेल्या शरीरांना पटकी, हगवण आणि हिवतापाने गाठले. बासिम जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे ३ लाख ९८ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे ३ लाख ५३ हजार भरली. दहा वर्षांत ११ टक्क्यांच्या आसपास घट, आणि तिचे मुख्य कारण हा दुष्काळ. दर नऊ माणसांमागे एक माणूस कमी झाला, हा हिशेब एखाद्या गावाच्या घराघरांवर मांडून पाहिला तरच त्याचा अर्थ कळतो.

अशा वेळी न्यूयॉर्कहून ‘क्विटो’ नावाचे जहाज निघाले. ‘ख्रिश्चन हेरल्ड’ हे तिथले धार्मिक साप्ताहिक आणि त्याचे मालक-संपादक लुई क्लॉप्श यांनी भारतातल्या दुष्काळासाठी वर्गणीचे आवाहन केले होते. जहाजाचे भाडे अमेरिकन सरकारने दिले. दोन लाख बुशेल, म्हणजे सुमारे ५,००० टन मका घेऊन क्विटो मे १९०० मध्ये निघाले आणि जूनअखेरीस मुंबईला लागले. याआधी १८९७ मध्ये ‘सिटी ऑफ एव्हरेट’ हे जहाज असाच मका घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून कलकत्त्याला आले होते. दोन्ही वेळा देणाऱ्यांमध्ये साध्या माणसांचा भरणा होता. एक डॉलर, दोन डॉलर पाठवणाऱ्यांची नावे साप्ताहिकात छापली जात. कॅन्सस, नेब्रास्का यांसारख्या मका पिकवणाऱ्या राज्यांनी १८९० च्या दशकाच्या पूर्वार्धात स्वतः कडक अवर्षण सोसले होते. रिकाम्या कणगीची ओळख त्या शेतकऱ्यांना होती, हे या दानाबद्दल ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मुंबईला धान्य उतरले म्हणजे ते भुकेल्याच्या तोंडी पडले असे नव्हते. वाटपासाठी मुंबईत अमेरिकन मिशनरी आणि अमेरिकेचे वाणिज्यदूत यांची एक समिती काम करत होती. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. रॉबर्ट ह्यूम तिचे कार्यवाह होते. मुंबईहून रेल्वेने वऱ्हाडात यायचे म्हटले तर अकोला स्टेशनपर्यंत मार्ग सरळ होता. बासिम जिल्ह्यात मात्र तेव्हा रेल्वेच नव्हती. अकोल्याहून पातूरचा घाट चढून मालेगावमार्गे वाशीम सुमारे ऐंशी किलोमीटर, आणि हा सगळा प्रवास बैलगाडीचा. चाऱ्यावाचून बैल मेलेले, उरलेले हाडांचे सापळे झालेले, आणि जहाज आले तो पावसाळ्याच्या तोंडाचा काळ. पाऊस पडला की काळ्या मातीत गाडीची चाके आसापर्यंत रुततात. रेल्वेच्या आधीच्या काळात या मुलखात धान्य आणि मिठाची वाहतूक बंजाऱ्यांचे तांडे हजारो बैलांच्या पाठीवरून करत. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे त्यांचे मोठे श्रद्धास्थान. रेल्वे आणि पक्क्या सडकांनी तांड्यांचा तो धंदा १९०० पर्यंत मोडला होता, आणि जिथे रेल्वे पोचली नव्हती तिथे त्याची जागा घेणारे दुसरे काही उभे राहिले नव्हते. बालाघाटावरच्या गावांची अडचण दुप्पट झाली ती अशी.

मक्याचाही प्रश्न होता. वऱ्हाडी घरात मका कणसाच्या रूपात माहीत होता, पण रोजची भाकर ज्वारीची. अमेरिकेतला टणक दाण्याचा वाळलेला मका जात्यावर दळायला जड. तो भरडून कण्या करायच्या किंवा रात्रभर भिजवून घुगऱ्या शिजवायच्या, तर सरपण आणि वेळ जास्त लागणार. बरेच दिवस उपाशी असलेल्या माणसाच्या पोटाला भरड अन्न सोसत नाही. त्याला आधी पेज, मग मऊ भात किंवा कण्या, आणि मग भाकर अशा क्रमाने वर आणावे लागते. ज्यांनी अन्नछत्रे चालवली त्यांचे मोठेपण धान्य वाटण्यात जेवढे होते तेवढेच या धीराच्या शुश्रूषेतही होते.

या मदतीचे आकारमान नीट पाहिले पाहिजे. १९०० च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात हिंदुस्थानभर सरकारी दुष्काळी मदतीवर असलेल्यांची संख्या ६० लाखांवर गेली होती. माणशी रोज अर्धा किलो धान्य धरले तर एवढ्या लोकांना दिवसाला ३,००० टन लागते. क्विटोचा सगळा मका त्यांना दोन दिवसही पुरला नसता. एक लाख माणसांना मात्र तो शंभर दिवस पुरला असता. म्हणून एका जहाजाने देश तगला असे म्हणणे चूक, आणि त्या जहाजाने काहीच झाले नाही असे म्हणणे त्याहून मोठी चूक. ज्या गावात पोते पोचले त्या गावातल्या माणसाला देशाची बेरीज माहीत नव्हती. त्याच्यापुढे पोते होते.

धान्यापेक्षा पैशाने अधिक दूरवरचे काम केले. फेब्रुवारी १९०० मध्ये कलकत्त्यात धर्मादाय दुष्काळ निधी सुरू झाला. त्यात सुमारे दीड कोटी रुपये जमले आणि त्यातला निम्म्याहून अधिक वाटा ब्रिटनमधून आला. लंडनच्या लॉर्ड मेयरच्या मॅन्शन हाउसमधून तिथली वर्गणी गोळा होत होती. बर्लिनहून पाच लाख मार्कांहून मोठी रक्कम आली. ‘ख्रिश्चन हेरल्ड’ने भारतासाठी धान्य आणि पैसा मिळून सहा लाख डॉलरांवर मदत उभी केली. सरकारी मदतीचे काम माणूस जिवंत ठेवणे एवढे ठरवलेले होते. त्यापलीकडचे सारे धर्मादाय निधीने पाहायचे, अशी वाटणी होती. कपडे आणि आजाऱ्यांना दूधदुभते देणे, अनाथ मुलांना सांभाळणे, खडी फोडायला जाणे ज्यांना सामाजिक लाजेमुळे अशक्य होते अशा अब्रूदार गरिबांना गुपचूप मदत करणे, आणि नागवलेल्या शेतकऱ्याला पुन्हा उभे करणे, ही त्याची चार कामे. सर्वांत अधिक पैसा चौथ्या कामावर गेला.

वाशीमसारख्या भागात या चौथ्या कामाचे महत्त्व शेतीच्या वेळापत्रकातून समजते. मृग लागला की पंधरा-वीस दिवसांत पेरणी उरकायची असते. त्या पंधरवड्यात घरात बियाणे नसेल आणि गोठ्यात बैल नसतील तर पाऊस चांगला होऊनही पुढचे वर्ष उपाशीच जाते. सरकार तगाई देई, पण ती कर्जाऊ रक्कम होती आणि जमिनीवर बोजा चढे. धर्मादाय निधीतून मिळालेले बियाणे किंवा बैलासाठीचे रुपये परत करायचे नव्हते. ज्याला एकच बैल मिळाला तो शेजाऱ्याशी सावड करी. दोघांचे दोन बैल एका औताला जुंपून आधी एकाचे, मग दुसऱ्याचे रान पेरायचे ही वऱ्हाडातली जुनी रीत. लंडन किंवा बर्लिनमधल्या कोणा माणसाने दिलेले नाणे अशा रीतीने वऱ्हाडातल्या सावडीत मिसळले. दुष्काळातल्या परदेशी मदतीचा सगळ्यांत टिकाऊ परिणाम कुठे झाला असेल तर तो इथे.

आभार कसे मानले गेले? वरच्या पातळीवर त्याच्या ठराविक रीती होत्या. नगरभवनांत सभा भरत, ठराव होत, तारा जात. १९०० च्या ऑक्टोबरात व्हाइसरॉय कर्झन यांनी सिमल्यात दुष्काळाचा आढावा घेताना देणाऱ्यांचे आभार मानले. त्याच वर्षी राणी व्हिक्टोरियाने लोकसेवेसाठी ‘कैसर-ए-हिंद’ पदक सुरू केले, आणि पुढे ते डॉ. ह्यूम आणि क्लॉप्श या दोघांनाही देण्यात आले. हे सारे राज्यकर्त्यांचे आभार होते. ज्याने मका खाल्ला, ज्याच्या गोठ्यात बैल आला, त्याला लिहिता येत नव्हते आणि देणाऱ्याचा पत्ताही त्याच्याजवळ नव्हता. त्याची कृतज्ञता कागदावर शोधणे व्यर्थ आहे. ‘अन्नाला जागणे’ हा शब्दप्रयोग मात्र मराठीत आहे. मिठाला आणि अन्नाला जागणारा माणूस देणाऱ्याचे नाव न कळताही ऋण मानतो, आणि मिळालेले धान्य पेरणीपर्यंत जीव तगवायला वापरतो, यातच ते जागणे असते.

इतर देशांत कृतज्ञतेने दिसणारी रूपे घेतली. १८९१-९२ मध्ये रशियात दुष्काळ पडला तेव्हा अमेरिकेतून धान्याची जहाजे गेली. त्या मदतीतही क्लॉप्श यांच्या साप्ताहिकाचा वाटा होता. चित्रकार इव्हान आयवाझोव्स्की यांनी त्या प्रसंगावर दोन चित्रे काढली आणि वॉशिंग्टनच्या संग्रहालयाला भेट दिली. आयर्लंडमधल्या बटाट्याच्या दुष्काळात १८४७ मध्ये अमेरिकेतल्या चॉक्टॉ या मूळ रहिवाशांनी स्वतः हलाखीत असताना वर्गणी पाठवली. त्याची आठवण म्हणून २०१७ मध्ये कॉर्क परगण्यातल्या मिडल्टन इथे पोलादी पिसांच्या शिल्पाचे अनावरण झाले. त्याच आयरिश दुष्काळासाठी सुरुवातीच्या देणग्यांपैकी एक मोठी देणगी कलकत्त्याहून गेली होती, सुमारे १४,००० पौंडांची. हिंदुस्थान कायम घेणारा होता, ही समजूत यामुळे सुधारावी लागते.

वऱ्हाडात मदतीचा एक दिसणारा ठसा राहिला तो मिशनांच्या रूपाने. वाशीममध्ये अमेरिकन मेथडिस्ट मिशन होते, आणि अकोला-खामगाव भागात ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’ ही अमेरिकन संस्था. दुष्काळात आईबाप गमावलेल्या मुलामुलींसाठी अकोला आणि खामगाव इथे अनाथाश्रम चालले, त्यांचा खर्च अमेरिकेतल्या वर्गणीतून होई. पश्चिम महाराष्ट्रात काम करणाऱ्या पंडिता रमाबाईंनी १८९७ मध्ये मध्य प्रांतातल्या दुष्काळी भागात स्वतः फिरून निराधार मुली-बायकांना आणले आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ठेवले. त्यांच्या पाठीशीही अमेरिकेतले देणगीदार होते, आणि रमाबाईंनी स्वतःचे आईवडील व बहीण दुष्काळी भटकंतीतच गमावले होते. या संस्थांत मुले वाचली, लिहायला शिकली, कसब शिकली. ती ख्रिस्ती संस्कारांत वाढली आणि यावर त्या काळी कडवट वादही झाले. अन्नाबरोबर धर्म यावा का, हा आक्षेप रास्त होता. मुलांना दुसरा आसरा कोणी दिला असता का, हा प्रश्नही तितकाच रास्त होता, आणि गावोगावच्या परिस्थितीत त्याची उत्तरे वेगवेगळी निघतात. वाशीमचे मेथडिस्ट केंद्र पुढे १९३० च्या दशकात ‘चर्च ऑफ द नाझरीन’कडे गेले आणि तिथे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल उभे राहिले. आसपासच्या तालुक्यांतल्या कितीतरी पिढ्यांनी बाळंतपण आणि आजारपणासाठी त्याची वाट धरली.

आभार मानताना हिशेब मागायचा नाही, असे त्या काळच्या जाणत्या मंडळींनी मानले नाही. १८९६ मध्ये टिळकांच्या ‘केसरी’ने आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगाव सांगितले की, सरकारच्याच दुष्काळ संहितेनुसार काम आणि मदत हा रयतेचा हक्क आहे, ती मागायला लाजू नये. १९०० मध्ये रमेशचंद्र दत्त यांनी कर्झनना उघड पत्रे लिहून जमीन महसुलाच्या जड आकारणीचा प्रश्न मांडला. त्या वर्षांतल्या काँग्रेसच्या ठरावांत परदेशी मदतीबद्दलचे आभार आणि सरकारी धोरणावरची टीका शेजारी शेजारी सापडतात. यात विसंगती नव्हती. कॅन्ससच्या शेतकऱ्याने शेतसारा बसवला नव्हता आणि लंडनमध्ये शिलिंग टाकणाऱ्या मजुराने पेवे रिकामी केली नव्हती. देणारा वेगळा होता, जबाबदार वेगळा होता, आणि दोघांशी वेगळ्या भाषेत बोलणे हेच प्रामाणिक होते.

स्वातंत्र्यानंतर परदेशी धान्याशी असलेले नाते आणखी गुंतागुंतीचे झाले. १९५४ च्या अमेरिकन कायद्याखाली, म्हणजे ‘पीएल ४८०’ खाली, आलेला गहू बहुतांशी रुपये मोजून घेतलेला होता. भेट म्हणून येई ते शाळेतल्या मुलांचे दूध आणि खाऊ. ‘केअर’ या संस्थेच्या दूधपावडरचा वास आणि सांज्याची चव त्या काळातल्या जिल्हा परिषद शाळांत शिकलेल्यांच्या स्मरणात आहे. १९६५ ते १९६७ च्या टंचाईत अध्यक्ष जॉन्सन यांनी धान्य थोडे थोडे, भारताच्या धोरणाचा अदमास घेत सोडले. तो अपमान दिल्लीला लागला आणि १९७१ अखेर ती सवलतीची आयात थांबवण्यात आली. त्या गव्हाबरोबर गाजरगवत आले असे सर्वत्र मानले जाते. १९५० च्या दशकाच्या मध्यात ते प्रथम पुण्यात दिसले, आणि आज वाशीम-रिसोडच्या बांधांवर ते उपटता उपटत नाही. आपल्याला न मागता मिळालेल्या या तणामुळे मुलांना मिळालेल्या दुधाचे मोल मात्र कमी होत नाही.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात मे १९७३ च्या सुमारास जवळपास ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला तालुका होता. त्या काळातले दोन शब्द सबंध महाराष्ट्रात रुळले. एक मिलो, म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. ती मुख्यतः सरकारने विकत घेतलेली होती, दान नव्हते, पण रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला तो फरक कोणी समजावून सांगितला नाही. तिची भाकर काळपट होई आणि चवीला लागत नसे. दुसरा शब्द सुकडी. भाजलेले पीठ, गूळ आणि तेल यांचा हा कोरडा खाऊ खडीच्या कामावर मजुरांना आणि त्यांच्या मुलांना वाटला जाई. तिच्यासाठी ‘केअर’सारख्या परदेशी संस्थांनीही सामग्री पुरवली. मिलोबद्दल तक्रार आणि सुकडीबद्दल माया, अशी दोन टोके जुन्या माणसांच्या बोलण्यात आढळतात. १९७३ मध्ये सोव्हिएत संघाने २० लाख टन गहू उसना दिला आणि भारताने तो पुढे धान्याच्या रूपातच फेडला. उसनवारीचा हा व्यवहार गावातल्या शेजाऱ्यांसारखाच होता, म्हणूनच त्यात ना उपकाराचे ओझे होते ना अपमानाची सल.

समुद्रापारहून आलेल्या मक्याच्या गोष्टीला आता उलट दिशा मिळाली आहे. २००४ च्या सुनामीनंतर आपत्तीत परदेशी सरकारांची मदत शक्यतो न घेण्याचे धोरण भारताने धरले. २०२२ च्या फेब्रुवारीत अमृतसरजवळच्या अटारी नाक्यावरून अफगाणिस्तानातल्या उपाशी लोकांसाठी गव्हाच्या मालमोटारी पाकिस्तानमार्गे निघाल्या. भारताने देऊ केलेला गहू ५०,००० टन होता, क्विटोवरच्या मक्याच्या दहापट. पोत्यांवर इंग्रजी, दारी आणि पश्तो अशा तीन भाषांत छापले होते की, ही भारताच्या जनतेकडून अफगाण जनतेला भेट आहे.